तेल सापडले म्हणजे नेमके काय सापडले?



१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी खोल समुद्रातील तेल आणि नैसर्गिक वायू शोधण्यासाठी राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. ‘समुद्रमंथन’ या शब्दाने ती लगेच सर्वांच्या तोंडी बसली. दीड महिन्यातच, २६ सप्टेंबरला, अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडियाच्या विहिरीत वायू आढळल्याची बातमी आली. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या संध्याकाळी संदेशांचा पाऊस पडला. ‘आता पेट्रोल स्वस्त होणार’ येथपासून ‘भारत दुसरा सौदी होणार’ येथपर्यंत सर्व काही वाचायला मिळाले. उलट बाजूने ‘दर निवडणुकीला तेल सापडते’ असे म्हणणारेही होतेच.

दोन्ही बाजूंचा उत्साह बघून वाटले की या विषयाची शांतपणे उजळणी करावी. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही, बँकेतला माणूस आहे. पण तेलाचा शोध हा निम्मा भूगर्भाचा आणि निम्मा जोखमीचा व्यवहार आहे. जोखीम कशी वाचावी हे नोकरीत थोडेफार शिकायला मिळाले, त्याच चष्म्यातून हे लिहितो आहे.

बडोदेकरांना हा विषय परका नाही

आपल्या शहराचा आणि तेलाचा संबंध जुना आहे. १९५६ साली ओएनजीसीची स्थापना झाली. १९५८ मध्ये खंभातजवळच्या लुणेज येथे तेल-वायूचा मागमूस लागला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला मोठे क्षेत्र सापडले. केशवदेव मालवीय त्या वेळी तेल खात्याचे मंत्री होते. भारतात तेल नाही असे परदेशी कंपन्या सांगत असताना त्यांनी सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेऊन हे काम नेटाने पुढे नेले. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मकरपुरा रोडवरचे ओएनजीसीचे कार्यालय आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. नळाने घरी येणारा स्वयंपाकाचा गॅस देशातील बहुतेक शहरांना ठाऊकही नव्हता, तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, तो बडोद्यात आला, तोही याच आसपासच्या विहिरींमुळे. महाराष्ट्रातून नोकरीसाठी येऊन इथलीच झालेली कितीतरी मराठी कुटुंबे या उद्योगावर उभी राहिली. म्हणून या बातम्या आपण जरा जाणतेपणाने वाचायला हव्यात.

देशाचे चित्र थोडक्यात असे आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल आयात होते. २०२४-२५ मध्ये त्यासाठी सुमारे १३७ अब्ज डॉलर्स मोजावे लागले. देशातले उत्पादन २०११-१२ च्या सुमारास वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन होते, ते आता २.९ कोटी टनांच्या आसपास आले आहे. मागणी वाढत गेली आणि घरचे उत्पादन घटत गेले. त्यामुळे नवीन शोध हवा यात वाद नाही. प्रश्न असा की शोध म्हणजे काय, आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा.

जमिनीखाली तळे नसते

जमिनीखाली तेलाचे तळे असते असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात तेल गाळाच्या खडकांच्या बारीक छिद्रांत असते, पाणी स्पंजात मुरावे तसे. त्यासाठी चार गोष्टी जमून याव्या लागतात. पहिली, प्राचीन जीवांचे अवशेष गाडले जाऊन योग्य उष्णतेने ज्यात तेल तयार झाले असा मूळ खडक. दुसरी, तेल साठवून ठेवणारा सच्छिद्र खडक. तिसरी, त्यावर झाकणासारखा बसलेला, तेल वर जाऊ न देणारा थर. आणि चौथी, तेल एका जागी अडून राहील असा खडकांचा घुमट किंवा भेगेपाशी तयार झालेला अडसर. यातली एक गोष्ट नसली तरी विहीर कोरडी जाते. तेल तयार होऊन लाखो वर्षांपूर्वी निसटून गेलेले असते, हेही अनेकदा घडते.

तेव्हा शोधाचे सारे तंत्रज्ञान एकाच कामासाठी आहे. काही किलोमीटर खोलीवर या चार गोष्टी एकत्र आहेत का, याचा वरून अंदाज घेणे. लक्षात ठेवायचा शब्द ‘अंदाज’ हाच.

जमिनीला कान लावणे

सुरुवात होते गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय मोजणीने. विमानातून किंवा जमिनीवरून केलेल्या या मोजण्यांतून गाळाचे खडक कुठे जाड आहेत, याचा ढोबळ नकाशा मिळतो. त्यानंतर येते सिस्मिक सर्वेक्षण. जमिनीवर लहान खड्ड्यात सुरुंग उडवून किंवा जड थरथरणारे ट्रक चालवून कंपने खाली पाठवतात. खडकाचा थर बदलला की कंपनांचा काही भाग परत फिरतो. वर ओळीने पेरलेले जिओफोन तो प्रतिध्वनी टिपतात. समुद्रात जहाज मागे काही किलोमीटर लांबीच्या केबल ओढत जाते, दाबलेल्या हवेचे बार पाण्यात सोडते आणि केबलमधले हायड्रोफोन ऐकत राहतात. आलेल्या प्रचंड माहितीवर संगणकाने प्रक्रिया करून खडकांचे चित्र तयार होते.

पूर्वी हे चित्र एका रेषेवरचे, म्हणजे उभ्या कापासारखे असे. त्याला टू-डी म्हणतात. रेषा जवळजवळ घेऊन पूर्ण घनाकृती चित्र काढले की थ्री-डी. त्याच क्षेत्राचे काही वर्षांनी पुन्हा सर्वेक्षण करून तेल-पाणी कुठे सरकले ते पाहिले की फोर-डी. कापलेल्या पावाचा एक तुकडा बघणे आणि अख्खा पाव आतून बघणे, इतका फरक पहिल्या दोघांत आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने जिथे कधी पाहणीच झाली नव्हती अशा भागांसाठी राष्ट्रीय सिस्मिक कार्यक्रम मंजूर केला. पुढच्याच वर्षी सर्व माहिती एका ठिकाणी ठेवणारे राष्ट्रीय भांडार सुरू झाले. ही दोन्ही कामे फारशी बातमीत आली नाहीत. पण माझ्या मते मोठ्या घोषणांपेक्षा त्यांचे मोल जास्त आहे, कारण माहितीशिवाय कोणी पैसा लावत नाही.

आता या तंत्राच्या मर्यादा. वायू भरलेल्या वाळूच्या थरावरून प्रतिध्वनी जोरात येतो आणि पडद्यावर तो ठिपका उजळ दिसतो. पण थरात वायू अगदी थोडा असला तरी ठिपका जवळजवळ तितकाच उजळ दिसू शकतो. म्हणजे इथे काहीतरी आहे हे कळते, किती आहे ते कळत नाही.

दुसरी मर्यादा आपल्या मूळ गावांशी निगडित आहे. सह्याद्रीचा काळा खडक, ज्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापून आहे. त्याच्याखाली जुने गाळाचे खडक असले तरी कंपने या कठीण, थराथरांच्या खडकात विखुरतात आणि खालचे चित्र धूसर येते. म्हणून सौराष्ट्र, कच्छ आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात लाव्हाखाली काय दडले आहे, हे शोधणे अवघड जाते. तिथे जमिनीतील नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी मोजण्याची पद्धत जोडीला वापरतात. गंमत अशी की खंभात खोऱ्याचा तळही याच काळ्या खडकाचा आहे. आपल्या शेजारच्या पाद्रा क्षेत्रात तर भेगाळलेल्या या खडकातूनच तेल मिळाले. पुस्तकात लिहिलेला नियम जमिनीखाली नेहमी चालतोच असे नाही.

शेवटी विहीर खणावीच लागते

सर्वेक्षणाने जागा सुचते, पण तेल आहे की नाही हे फक्त विहीर सांगते. ड्रिलिंग चालू असताना खास तयार केलेला चिखल पाइपातून खाली सोडतात. तो खडकाचा चुरा वर आणतो, पात्याला थंड ठेवतो आणि खालचा दाब धरून ठेवतो. नंतर विहिरीत उपकरणे सोडून खडकाची विद्युतरोधकता, घनता आणि किरणोत्सर्ग मोजतात. हे तंत्र श्लुंबर्जे बंधूंनी १९२७ साली फ्रान्समध्ये प्रथम वापरले. तेल विजेला वाट देत नाही, खारे पाणी देते, या साध्या फरकावर त्याची उभारणी झाली. मग येते उत्पादन चाचणी. विहीर काही काळ वाहती ठेवून दाब किती वेगाने घटतो ते पाहतात. दाब झटकन उतरला तर साठा लहान किंवा तुटक.

उथळ समुद्रात पाय टेकवून उभा राहणारा रिग चालतो. खोल समुद्रात तरंगते जहाज लागते. ते नांगर न टाकता, उपग्रहाच्या आणि यंत्रांच्या साहाय्याने एका जागी स्थिर राहते. अशा जहाजाचे भाडेच दिवसाला लाखो डॉलर्स असते आणि एक विहीर पुरी व्हायला महिने लागू शकतात. आपल्याकडे हे कौशल्य नाही असे नाही. २०१३ मध्ये पूर्व किनाऱ्याजवळ ओएनजीसीसाठी ३,१६५ मीटर खोल पाण्यात विहीर खणली गेली, तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. पण विक्रम खोलीचा असतो, तेलाचा नसतो. हाच विक्रम २०१६ मध्ये उरुग्वेच्या समुद्रात मोडला गेला, ३,४०० मीटर खोल पाण्यात. ती विहीर कोरडी निघाली.

आता उलट उदाहरण. गयानाच्या समुद्रात आधी अनेक विहिरी वाया गेल्या होत्या. शेल कंपनीने तेथील मोठ्या क्षेत्रातला आपला वाटा २०१४ मध्ये सोडून दिला. पुढच्याच वर्षी एक्सॉनला त्याच क्षेत्रात लिझा ही विहीर लागली आणि २०१९ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. आज तो चिमुकला देश मोठा तेल निर्यातदार आहे. आपले पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी अंदमानच्या संदर्भात गयानाचे नाव घेतात ते यामुळे. पण ज्या तंत्रज्ञानाने गयानात तेल मिळाले तेच उरुग्वेतही वापरले होते, हे विसरून चालणार नाही.

दोन घटना, दोन धडे

बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवत असू. अर्जदाराचा अंदाज एका बाजूला आणि प्रत्यक्ष तारण दुसऱ्या बाजूला. तेलाच्या बातमीत हे दोन्ही एकाच वाक्यात मिसळलेले असतात.

पहिली घटना मुंबई हायची. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाने खंभातच्या आखातात आणि मुंबईच्या समुद्रात सिस्मिक पाहणी केली आणि तळाशी मोठा घुमट असल्याचे दिसले. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागरसम्राट’ या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल गाठले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पाहणीपासून तेलापर्यंत दहा वर्षे लागली, पण शोधापासून उत्पादनापर्यंत अवघी दोन-सव्वादोन. पाणी सुमारे ७५ मीटर खोल, घुमट मोठा आणि सोपा. चांगले तारण असेल तर प्रस्ताव लवकर मार्गी लागतो, तसेच हे झाले.

दुसरी घटना आपल्या राज्याच्या जास्त जवळची. गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाने जून २००५ मध्ये आंध्रच्या किनाऱ्याजवळ कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २० ट्रिलियन घनफूट वायू असल्याचे जाहीर केले. पुढे मंजूर झालेल्या विकास आराखड्यात साठ्याचा आकडा मूळ आकड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आला. तेथील खडक घट्ट, दाब आणि तापमान अतिशय जास्त, त्यामुळे खर्च वाढत गेला. महामंडळाचे कर्ज २०१५ पर्यंत वीस हजार कोटी रुपयांच्या घरात पोहोचले आणि महालेखापालांनी आपल्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. शेवटी २०१७ मध्ये ओएनजीसीने तेथील ८० टक्के हिस्सा सुमारे १.२ अब्ज डॉलर्सना घेतला.

यात मला कोणत्याही पक्षाचे राजकारण आणायचे नाही. अशी घाई जगात सर्व रंगांच्या सरकारांनी केली आहे. मुद्दा इतकाच की पहिल्या विहिरीवरून काढलेला आकडा हा अंदाज होता, आणि तो तारण समजून पुढचा पैसा ओतला गेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असे आपल्याकडे उगाच म्हटलेले नाही.

याच खोऱ्यातील रिलायन्सच्या डी-६ क्षेत्राचाही अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. २००२ मध्ये शोध, २००९ मध्ये उत्पादन, २०१० मध्ये रोज सहा कोटी घनमीटरच्या आसपास वायू. नंतर उत्पादन वेगाने घसरत गेले आणि २०२० च्या सुरुवातीला ते मूळ क्षेत्र बंदच झाले. भूगर्भ अपेक्षेपेक्षा अवघड निघाला असे कंपनी म्हणत होती, ठरलेल्या विहिरी खणल्या नाहीत असे सरकार म्हणत होते. वाद लवादापर्यंत गेला. पण त्याच क्षेत्रात त्याच वर्षाच्या अखेरीस दोन हजार मीटरपेक्षा खोल पाण्यातून नवे उत्पादन सुरू झाले, हेही खरे. म्हणजे एका अपयशाने खोरे बाद होत नाही आणि एका यशाने ते सोन्याची खाण ठरत नाही.

अंदमानची बातमी या मापाने

आता मूळ बातमीकडे वळू. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात, श्रीविजयपुरम-२ ही विहीर २,६५० मीटरपर्यंत खणली गेली. सुमारे २,२०० मीटर खोलीवरच्या थरातून चाचणीत वायू मधूनमधून पेटत राहिला. नमुन्यात ८७ टक्के मिथेन आढळला. ही खरोखर चांगली बातमी आहे. म्यानमारपासून सुमात्रापर्यंतच्या पट्ट्यात वायूची क्षेत्रे आहेत, अंदमान त्याच पट्ट्यात येते, आणि तिथल्या खडकांत वायू तयार झाला होता याचा पुरावा आता हाती आहे.

पण ‘मधूनमधून’ हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. सलग, जोरदार प्रवाह मिळाला असे कोणी म्हटलेले नाही. साठा किती आणि तो काढणे परवडेल का, हे पुढील काही महिन्यांत तपासले जाईल, असे मंत्र्यांनी त्याच वेळी सांगितले होते. जाहीर निवेदन सावध होते, आपणच ते पुढे पाठवताना फुगवले. साठा मोठा निघाला तरी बेटापासून मुख्य भूमीपर्यंतचे अंतर, पाइपलाइन किंवा द्रवरूप करण्याचा कारखाना आणि त्या निसर्गसंपन्न बेटांचा पर्यावरणाचा प्रश्न, हे सर्व हिशेबात येईल.

गाजावाजा नसलेला शोध

माझ्या मते खरी कमाई ज्या तंत्रज्ञानात आहे त्याची बातमी क्वचितच होते. एखाद्या क्षेत्रातून जमिनीतील सर्व तेल निघत नाही. जगभराची सरासरी साधारण एक तृतीयांशाची आहे. उरलेले दोन हिस्से खडकातच राहतात. नवे क्षेत्र शोधण्यात तेल आहे का हीच जोखीम असते. जुन्या क्षेत्रात ते आहे हे माहीत असते, फक्त वर कसे आणायचे हा प्रश्न असतो. बँकेच्या भाषेत हा नवा कर्जदार नव्हे, जुने खाते आहे.

याची उत्तम उदाहरणे आपल्या जवळच आहेत. मेहसाण्याजवळ बालोल आणि संथाल येथील तेल इतके घट्ट आहे की ते सहज वाहत नाही. ओएनजीसीने तिथे जमिनीखाली हवा सोडून तेलाचा थोडा भाग खालीच पेटवला. त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकते. १९९७ पासून हे काम तिथे व्यापारी प्रमाणावर झाले. राजस्थानात बाडमेरजवळचे मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडले. तिथले तेल मेणासारखे थिजते, म्हणून गुजरातपर्यंतची पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते. तिथे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करतात, म्हणजे पाणी तेलाला वळसा घालून न जाता पुढे ढकलत नेते.

मुंबई हाय १९८५ च्या सुमारास रोज पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास तेल देत होते. आता ते दीड लाखाच्याही खाली आले आहे. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने तिथे बीपी कंपनीला तांत्रिक सेवा देण्यासाठी नेमले. दहा वर्षांच्या करारात मूळ पातळीपेक्षा उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा त्या कंपनीचा अंदाज आहे. हाही अंदाजच, पण पन्नास वर्षांच्या माहितीवर उभा आहे. अंदमानच्या एका विहिरीपेक्षा मी या कराराकडे जास्त लक्ष ठेवीन.

मग खोल समुद्रात पैसा घालावा की नाही?

माझे मत आहे, घालावा. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही हे खरे, पण आडात आहे की नाही हे पोहरा सोडल्याशिवाय कळत नाही. अनोळखी खोऱ्यात चार-पाच विहिरींमागे एखादी लागली तरी ते बरे प्रमाण मानतात. म्हणून चार विहिरी कोरड्या गेल्या की ‘पैसा बुडाला’ अशी ओरड करणे चुकीचे आहे, आणि एक लागली की फटाके उडवणेही चुकीचे.

मात्र हा पैसा कोणाचा, हे विचारले पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने १०व्या फेरीत सुमारे १.९ लाख चौरस किलोमीटरची २५ क्षेत्रे लिलावाला काढली, बराच भाग समुद्रातला. तेलक्षेत्रांच्या जुन्या कायद्यात त्याच सुमारास सुधारणा झाली, विशेष कर आधीच रद्द झाला होता. तरीही बोली लावण्याची मुदत एकापेक्षा अधिक वेळा वाढवावी लागली. मोठ्या परदेशी कंपन्या अजून अंदाज घेत आहेत, असा मी याचा अर्थ लावतो. त्या आल्या नाहीत तर जोखमीचा मोठा भार ओएनजीसी आणि ऑइल इंडियावर, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्यावर येतो. अशा वेळी प्रत्येक कोरड्या विहिरीचा खर्च आणि तिच्यातून काय शिकलो, हे जाहीर व्हावे. कोरडी विहीर ही नापास झालेली परीक्षा नाही. तिची माहिती पुढच्या विहिरीची जागा ठरवते. ती दडवली तरच पैसा खऱ्या अर्थाने बुडतो.

आणि एक किंमत रुपयांत मोजता येत नाही. मे २०२० मध्ये आसामात बाघजान येथे विहिरीवरचे नियंत्रण सुटले, जूनमध्ये आग लागली, अग्निशमन दलाचे दोन कर्मचारी गेले आणि विहीर बंद करायला नोव्हेंबर उजाडला. शेकडो कुटुंबे घर सोडून राहिली. खोल समुद्रात अशी घटना आवरणे कितीतरी कठीण. सुरक्षेवरचा खर्च हा शोधाच्या खर्चाचाच भाग मानायला हवा.

बातमी वाचताना पाच प्रश्न

पुढच्या वेळी ‘तेल सापडले’ असा संदेश आला की पुढे पाठवण्यापूर्वी एवढे पाहावे.

१. ही बातमी सर्वेक्षणाची आहे, विहिरीची आहे की उत्पादन चाचणीची? सर्वेक्षणात तेल ‘सापडत’ नाही, जागा सापडते.

२. चाचणीत प्रवाह सलग होता का, आणि किती काळ?

३. दिलेला आकडा जमिनीत असलेल्या साठ्याचा आहे की काढता येण्याजोग्या साठ्याचा? दोन्हींत तिपटीचा फरक असू शकतो.

४. एकाच विहिरीवर अंदाज आहे की आणखी विहिरी खणून खात्री केली आहे?

५. पाणी किती खोल, किनारा किती दूर, आणि उत्पादन कोणत्या वर्षी अपेक्षित आहे? खोल समुद्रात शोधापासून उत्पादनापर्यंत सात-आठ वर्षे लागणे सामान्य आहे.

आणि ज्या प्रश्नाने चर्चा सुरू झाली तो: पेट्रोल स्वस्त होईल का? सहसा नाही. देशात निघालेले तेलही आंतरराष्ट्रीय भावाशी जोडलेल्या दरानेच रिफायनरीला विकले जाते, आणि पंपावरच्या दरात करांचा वाटा मोठा असतो. फायदा होतो तो परकीय चलनाचा, रॉयल्टीचा, रोजगाराचा आणि आखातात युद्ध पेटले तर थोड्या निर्धास्तपणाचा. जमिनीवरील तेलाची रॉयल्टी राज्याला मिळते, खोल समुद्रातली केंद्राला, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. आणि बातमी आली त्याच दिवशी शेअर घेण्याची घाई करणाऱ्या सभासदांनी वरचे पाच प्रश्न दोनदा वाचावेत.

आपल्या मंडळात तेल क्षेत्रात उभे आयुष्य घालवलेले अनेक ज्येष्ठ सभासद आहेत. रिगवरच्या रात्रपाळ्या केलेले, वाळवंटात सर्वेक्षणाच्या तंबूत राहिलेले. त्यांनी कार्यकारिणीला वेळ दिला तर एखाद्या रविवारी हा विषय त्यांच्याच तोंडून ऐकता येईल. अभियांत्रिकीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही त्याचा उपयोग होईल. या लेखात मांडलेल्या मतांवर आपले विचार, विशेषतः मतभेद, जरूर कळवावेत.